राष्ट्रसंरक्षण आणि संसदेचा पहारा



संरक्षण हा विषय जाहीर झाला की सभेला दोन प्रकारचे श्रोते येतात. काहींना रणांगणावरील पराक्रमाच्या कथा ऐकावयाच्या असतात, काहींना तोफा-विमानांच्या खरेदीतील भानगडी. आज आमच्याकडून दोघांचीही थोडी निराशा होणार आहे. आम्ही बोलणार आहोत ते एका कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नावर. देशाच्या सैन्यावर जो पैसा खर्च होतो आणि ज्या धोरणाने तो खर्च होतो, त्याचा जाब लोकांच्या प्रतिनिधींनी विचारावा की नाही? विचारावयाचा तर तो केव्हा विचारावा? आणि आजवर तो कसा विचारला गेला?

आपल्याकडे एक म्हण आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची. संरक्षणाचा प्रश्न निघाला की शहाणीसुरती माणसेही हीच म्हण पुढे करतात. आपल्याकडे किती तोफा आहेत, किती गोळे आहेत, याची चर्चा चव्हाट्यावर कशाला? शत्रू कान लावून बसलेला असतो! या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु मूठ झाकलेली असते ती कोणापासून, हे एकदा पाहिले पाहिजे. शत्रूजवळ हेर असतात, आकाशातून छायाचित्रे घेणारे उपग्रह असतात, सीमेपलीकडून दुर्बिणी लावून बसलेले पहारेकरी असतात. तो आपल्या मुठीचा अंदाज बराचसा बांधू शकतो. अनेकदा तो अंदाज येत नाही तो फक्त आपल्याच माणसांना. आणि मूठ रिकामी असली तर ती उघडते रणांगणावर, तेव्हा तिची किंमत सैनिक आपल्या प्राणांनी मोजतो.

रक्कम किती मोठी आहे ते प्रथम पाहू. २०२५-२६ सालच्या केंद्राच्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपये धरण्यात आले. म्हणजे केंद्र सरकारच्या दर साडेसात रुपयांतला जवळजवळ एक रुपया. देशातील माणसे मोजून वाटणी केली तर दरडोई सुमारे ४,७०० रुपये पडतात, त्यात तान्ही मुलेही आली. यातील सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, आणि नवी शस्त्रे व सामग्री यांसाठीच्या भांडवली खर्चाचे सुमारे १ लाख ८० हजार कोटी. हा पैसा खर्च होऊ नये असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु घरात दहा रुपयांची भाजी आणली तरी आपण तिचा हिशेब विचारतो, आणि येथे विचारणे म्हणजे देशभक्तीला बट्टा, असे जर कोणी म्हणू लागला तर त्याला थांबवून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आपल्याच इतिहासातली आहे. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांची व्यवस्था आपल्याला ठाऊक आहे. किल्ल्यावर हवालदार असे, सबनीस असे आणि कारखानीस असे. हवालदाराकडे किल्ल्याचा बंदोबस्त, सबनिसाकडे हजेरी आणि जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि सामानाची कोठारे. एकट्याच्या हाती किल्ला नसे. हवालदार शूर नव्हता म्हणून ही व्यवस्था होती काय? मुळीच नाही. वेढा पडल्यावर कोठार रिते निघाले तर शौर्य काही कामाचे नाही, हे त्या राजाला पक्के ठाऊक होते, म्हणून ती होती. कोठार वेढ्यापूर्वी तपासले जावे एवढाच तिचा अर्थ.

दुसरी गोष्ट आपल्या पारतंत्र्यातली. इंग्रजांनी आपल्या देशात १६८९ साली असा दंडक घातला की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने खडे सैन्य ठेवता कामा नये. परंतु हाच दंडक त्यांनी हिंदुस्थानात लागू केला नाही. १८६७-६८ साली अॅबिसिनियावर मोहीम निघाली. तिच्याशी आपला काडीचा संबंध नव्हता, तरी तेथे गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून गेला. विचारणार कोण? १८९५ साली वेल्बी आयोग नेमला गेला, दादाभाई नौरोजी त्याचे सभासद होते, आणि १८९७ साली पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी लंडनला जाऊन त्यापुढे साक्ष दिली. गोखल्यांचे वय तेव्हा पुरते एकतीस वर्षांचेही नव्हते.

पुढे १९०२ पासून गोखले वरिष्ठ कायदेमंडळात दरसाल अंदाजपत्रकावर बोलू लागले. त्या मंडळात अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार सभासदांना नव्हता, नुसते बोलण्याचा होता. तरीही गोखले आकड्यांची जुळणी करून येत आणि दाखवून देत की सरकारी शिल्लक दिसते ती रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, ती जादा कराची खूण आहे, आणि लष्करी खर्चाचा वाढता बोजा शिक्षणाला व आरोग्याला खाऊन टाकीत आहे. १९०३ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. हाती मत नसताना केवळ अभ्यासाच्या बळावर विचारलेल्या प्रश्नालाही वजन असते, हे गोखल्यांनी दाखविले. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यवर्ती विधिसभा मोठी झाली, काही खर्चावर मत देण्याचा हक्कही मिळाला, पण संरक्षणाचा खर्च त्यातून वगळला. परकी सत्तेने शेवटपर्यंत स्वतःजवळ घट्ट धरून ठेवलेली किल्ली होती ती हीच.

ती किल्ली १९५० साली राज्यघटनेने आपल्या हाती दिली. घटनेच्या ११३ व्या अनुच्छेदाप्रमाणे प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी लोकसभेपुढे यावी लागते. लोकसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते, कमी करू शकते. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, त्यांचा अहवाल संसदेपुढे येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. तिचा कस लागला तो प्रत्यक्ष व्यवहारात.

पहिला प्रसंग लवकरच आला. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू असताना सैन्याला जीप गाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. दीडशेंवर गाड्या आल्या, त्याही सैन्याच्या उपयोगाच्या निघाल्या नाहीत. लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, संसदेत गदारोळ झाला. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री पंत यांनी हे प्रकरण सरकारच्या दृष्टीने मिटल्याचे जाहीर केले. मेनन १९५६ साली मंत्रिमंडळात आले आणि १९५७ साली संरक्षणमंत्री झाले. त्यांच्यावर व्यक्तिशः काही शाबीत झाले नव्हते, हे सांगितले पाहिजे. पण समितीने प्रश्न विचारायचे आणि सरकारने कंटाळून फाईल बांधून टाकायची, ही वहिवाट तेव्हापासून पडली.

आता आम्ही १९५९ ते १९६२ या काळाकडे येतो. आजच्या विषयाचे मर्म येथे आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधला आणि १९५७ साली तो पुरा झाल्याचे जाहीर केले. आपल्या सरकारने ऑक्टोबर १९५८ मध्ये चीनकडे निषेधाचे पत्र पाठविले. लोकसभेला ही गोष्ट पंतप्रधानांनी सांगितली ती ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस. म्हणजे जी गोष्ट पेकिंगला ठाऊक होती, दिल्लीच्या सचिवालयाला ठाऊक होती, ती ज्यांनी सैन्याच्या खर्चाला मंजुरी द्यावयाची त्या लोकसभेला ठाऊक नव्हती. झाकली मूठ म्हणतात ती अशी! त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी श्वेतपत्रिका काढल्या, पत्रव्यवहार संसदेपुढे ठेवला, हा त्यांचा मोठेपणा नाकारता येत नाही. पण मधली दोन वर्षे गेली ती गेलीच.

याच सुमारास, ३१ ऑगस्ट १९५९ रोजी, सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्री मेनन यांच्याशी त्यांचे पटत नव्हते. नेहरूंनी समजूत घातल्यावर त्यांनी तो परत घेतला आणि २ सप्टेंबरला नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले. मतभेद मुख्यतः स्वभावाचे आहेत, लोकशाहीत मुलकी सत्ताच वरचढ असली पाहिजे, असा त्याचा रोख होता. मुलकी सत्ता वरचढ असली पाहिजे यात शंका नाही. शेजारच्या देशांत सेनापती राज्यकर्ते झाले म्हणजे काय होते ते आपण पाहिले आहे. पण मुलकी सत्ता म्हणजे केवळ मंत्री नव्हे. मुलकी सत्ता म्हणजे लोक, आणि लोकांच्या वतीने संसद. सैन्याची तयारी कशी आहे, काय उणे आहे, हे सेनाप्रमुखाला ज्यांच्यापुढे शिस्त न मोडता सांगता यावे, अशी संसदेची एकही संरक्षण समिती तेव्हा नव्हती. सल्लागार समित्या असत, पण त्यांच्या अध्यक्षस्थानी स्वतः मंत्रीच बसत. मग सेनापतीने करावे काय? एक तर गप्प बसावे किंवा राजीनामा द्यावा. या दोहोंमधली तिसरी वाट आपण बांधलीच नव्हती.

लोकसभेत आवाज उठलाच नाही असे नाही. ११ एप्रिल १९६१ रोजी आचार्य कृपलानींनी संरक्षणखात्याच्या कारभारावर जे भाषण केले ते आजही आठवले जाते. आयुधनिर्माणी कारखान्यांत कॉफीची भांडी तयार होतात म्हणून विरोधकांनी टीकेची झोड उठविली होती. पण पुढे झाले काय? सारा वाद मेनन या व्यक्तीभोवती फिरू लागला. मेननांच्या बाजूचे आणि मेननांच्या विरुद्ध असे तट पडले. १९६२ च्या निवडणुकीत कृपलानी उत्तर मुंबईतून मेननांविरुद्ध उभे राहिले. सारा देश त्या लढतीकडे पाहत होता, आणि मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले. मेनन चांगले की वाईट याचा कौल मुंबईच्या मतदारांनी दिला, पण नेफाच्या डोंगरात बसलेल्या शिपायाच्या पायांत कोणते बूट आहेत, या प्रश्नाचा कौल मतपेटीतून निघत नसतो. तो एखाद्या समितीने, बंद खोलीत, कागद मागवून, अधिकाऱ्यांना समोर बसवून काढावयाचा असतो. तो कोणी काढला नाही.

उत्तर २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे मिळाले. नामका चू नदीकाठी आपली ७ वी ब्रिगेड उभी होती. कित्येक जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे होते, हातांत जुन्या .३०३ बंदुका, मोजकीच काडतुसे, आणि हवा हिमालयाची. ते शर्थीने लढले. एका महिन्यात, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तेव्हा साऱ्या देशाने मान खाली घातली होती. मेनन त्यापूर्वीच, ७ नोव्हेंबरला, मंत्रिमंडळातून गेले होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची गोष्ट आपण लहानपणी वाचतो. येथे तहान शिपायाला लागली होती आणि विहीर खणावयाची होती दिल्लीत.

या काळ्या कालखंडातही एक गोष्ट उजळ आहे. लढाई चालू असताना, ८ नोव्हेंबरला, नेहरूंनी संसदेचे अधिवेशन बोलाविले. ते लवकर बोलवा ही मागणी करणाऱ्यांत तरुण अटलबिहारी वाजपेयी होते. काही सदस्यांनी गुप्त बैठक घ्यावी असे सुचविले, पण हा साऱ्या देशाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे म्हणून नेहरूंनी ते मानले नाही. आठवडाभर चर्चा चालली, दीडशेंवर सदस्य बोलले, सरकारला खडे बोल ऐकावे लागले. शत्रू दारात असताना जाब विचारला म्हणून देश फुटला काय? उलट १४ नोव्हेंबरचा ठराव सर्वांनी उभे राहून एकमुखाने मंजूर केला. इंग्लंडातही मे १९४० मध्ये, नॉर्वेतील फजितीनंतर, पार्लमेंटने दोन दिवस चेंबरलेन सरकारला धारेवर धरले, त्यातून चर्चिल पंतप्रधान झाले. युद्धकाळी प्रश्न विचारू नयेत असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

युद्धबंदी झाली त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणतो. यशवंतरावांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांशी नित्य सल्लामसलतीचा परिपाठ घातला. संरक्षणाची तरतूद १९६२-६३ च्या मूळ अंदाजपत्रकात पावणेचारशे कोटींच्या आसपास होती, ती १९६३-६४ ला ८६७ कोटींवर गेली. १९६४ साली सव्वाआठ लाखांचे भूदल आणि पाच वर्षांत ५,००० कोटींचा खर्च अशी योजना त्यांनी आखून संसदेला सांगितली. पाच वर्षांचा विचार करून संरक्षणाचा आराखडा मांडणे ही तेव्हा नवीच गोष्ट होती.

परंतु आपला माणूस म्हणून आम्ही येथे आखडता हात घेणार नाही. पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांची चौकशी झाली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिच्या निष्कर्षांवर निवेदन केले. प्रशिक्षण, सामग्री, हुकमतीची साखळी, हेरखाते यांत काय उणे होते ते सांगितले. मूळ अहवाल मात्र लोकहितास्तव प्रसिद्ध करता येत नाही म्हणाले. त्या घडीला, जखम ओली असताना, हे म्हणणे समजण्यासारखे होते. पण त्यानंतर सहा दशके उलटली. सरकारे आली, गेली, सर्व रंगांची. अहवाल अधिकृतपणे खुला झाला नाही. २०१४ साली एका परदेशी लेखकाने त्याचा बराच भाग जगापुढे ठेवला, तरी आपल्या संसदेच्या मेजावर तो आला नाही. गुपित आणि अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या कोणत्या खिंडीत किती तोफा ठेवणार, हे गुपित. साठ वर्षांपूर्वी कोणाचे काय चुकले, ही अडचण. अडचणीवर गुपिताचा शिक्का मारला की पुढच्या पिढीचे शिक्षण थांबते.

याच्या उलट उदाहरण १९९९ च्या कारगिल युद्धाचे. युद्ध संपताच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. त्यातून मंत्रिगटाच्या शिफारशी निघाल्या, संरक्षण गुप्तवार्ता संघटना उभी राहिली, आणि तिन्ही दलांसाठी एक प्रमुख असावा ही मंत्रिगटाची शिफारस उशिरा का होईना, १ जानेवारी २०२० रोजी अमलात आली. अहवाल उघड केल्याने आकाश कोसळले नाही, उलट सुधारणांना वाट मिळाली.

मधल्या काळात बोफोर्सचे प्रकरण झाले. मार्च १९८६ मध्ये सुमारे ४०० तोफांचा १,४३७ कोटींचा करार झाला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या रेडिओने लाचेची बातमी दिली. संयुक्त संसदीय समिती नेमली, तीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला, १९८८ साली अहवाल आला, त्याने कोणाचे समाधान झाले नाही. जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि विरोधी सदस्यांनी लोकसभेचे सामुदायिक राजीनामे दिले. यातून आम्ही काढतो तो बोध मात्र निराळा आहे. तोफ चांगली होती. ती कारगिलच्या शिखरांवर उपयोगी पडली हे साऱ्या देशाने पाहिले. पण त्या गदारोळानंतर तोफखरेदीच्या फाईलवर सही करावयास कोणी धजेना. परदेशाहून तशा जातीची नवी तोफ घेण्याचा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी! पैसे कोणी खाल्ले हे विचारलेच पाहिजे. पण तेवढेच विचारून थांबलो तर लाच बंद होत नाही, खरेदी मात्र बंद होते. खरा प्रश्न दुहेरी आहे: पैसा सरळ गेला काय, आणि सैन्याला हवी ती वस्तू वेळेवर मिळाली काय?

१९९३ साली संसदेने खात्यांवर स्थायी समित्या नेमल्या, त्यांत संरक्षणाची समिती आली. थिमय्यांना १९५९ साली जी जागा मिळाली नाही ती जागा तेव्हा तयार झाली. या समितीवर सर्व पक्षांचे सदस्य असतात, मंत्री नसतात, बैठका बंद दाराआड होतात. त्यामुळे व्यासपीठावर भाषण करण्याचा मोह राहत नाही आणि अधिकाऱ्यांना मोकळेपणी सांगता येते.

तिचे मोल २०१८ साली दिसले. भूदलाचे उपप्रमुख समितीपुढे आले आणि त्यांनी स्वच्छ सांगितले की सैन्याच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनी झालेली आहे, २४ टक्के चालू काळाची, आणि अत्याधुनिक अवघी ८ टक्के. नव्या सामग्रीसाठी २१,३३८ कोटी मिळाले, आणि आधीच केलेल्या करारांचे देणेच २९,०३३ कोटींचे आहे. म्हणजे नवे घेणे दूरच, जुनी उधारी भागविण्यासही पैसा पुरत नव्हता. राजीनामा नाही, वर्तमानपत्रांत कुजबूज नाही. सैनिकाने लोकप्रतिनिधींना शिस्तीत खरे सांगितले आणि समितीने ते जसेच्या तसे छापले. समितीचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच, माजी मेजर जनरल खंडुरी होते. त्यांच्या समितीने पक्ष पाहिला नाही, हे विशेष.

आणि मग, श्रोते हो, काय झाले? हा अहवाल १३ मार्च २०१८ रोजी संसदेपुढे आला. दुसऱ्याच दिवशी लोकसभेत गोंधळ चालू असताना साऱ्या खात्यांच्या मागण्या, संरक्षणाच्या धरून, चर्चेवाचून सुमारे अर्ध्या तासात मंजूर झाल्या. याला संसदेच्या भाषेत गिलोटीन म्हणतात. घोषणा देणारे विरोधक आणि आवाजी मतदान उरकणारे सरकार, दोघांनी मिळून त्या दिवशी तो अहवाल वाऱ्यावर सोडला. लाखो कोटींचा खर्च मंजूर झाला, आणि ६८ टक्क्यांचे काय, हे सभागृहात कोणी विचारलेच नाही. त्याच वर्षी समितीचे अध्यक्षही बदलले.

तरीही छाननी व्यर्थ जाते असे आम्ही म्हणणार नाही. महालेखापरीक्षकांनी २०१५ साली दाखवून दिले की चाळीस दिवसांच्या घनघोर युद्धाचा दारूगोळा जवळ असावा असा दंडक असता, मार्च २०१३ अखेर १७० प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरला नसता. २०१७ साली त्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा सप्टेंबर २०१६ चा हिशेब असा निघाला की १५२ पैकी ६१ प्रकारांची स्थिती तीच. गवगवा झाला. त्याच वर्षी तातडीने दारूगोळा घेण्याचे अधिकार भूदलाच्या उपप्रमुखांना देण्यात आले. कोठार वेढ्यापूर्वी तपासले गेले आणि काही अंशी भरले गेले. यालाच आम्ही छाननी म्हणतो. पुढे संरक्षणाविषयीचे असे अहवाल संकेतस्थळावर ठेवणे बंद झाले. २०१९ साली राफेल विमानांवरील अहवालात किमतींचे आकडे झाकून ठेवण्यात आले. किंमत सांगितल्याने विमानाचे बळ कळते की नाही, यावर तज्ज्ञांत दुमत आहे. पण झाकणाऱ्याने कारण सांगावे, आणि ते निदान समितीला तरी पटवून द्यावे, यावर दुमत होण्याचे कारण नाही.

आता कोणी म्हणेल, खासदारांना युद्धशास्त्रातले काय कळते? बरोबर आहे. न्यायाधीशाला वैद्यकातले कळत नाही, तरी तो डॉक्टरांची साक्ष घेऊन निवाडा देतो. समितीने मोहीम आखावयाची नाही. तिने इतकेच विचारावयाचे: तुम्हांला काय हवे होते, काय मिळाले, किती उशिरा, आणि का? हे विचारण्यासाठी सेनापती असावे लागत नाही. चौकस आणि चिकाटीचा माणूस असला म्हणजे पुरे. कोकणातून निवडून गेलेले नाथ पै अभ्यास करून बोलत, म्हणून विरोधी बाकावरील त्या माणसाचे शब्द सारे सभागृह ऐकत असे.

मग करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी. संरक्षणाच्या मागणीवर लोकसभेत दरवर्षी निदान एक दिवस चर्चा झालीच पाहिजे, गिलोटीनमधून ती वगळावी. जे खरोखर गुप्त आहे त्यासाठी गुप्त बैठकीची तरतूद सभागृहाच्या नियमांतच आहे. दुसरी गोष्ट, स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, त्या तशा नसाव्यातही. पण सरकारने शिफारस नाकारली तर तिचे कारण मंत्र्याने सभागृहात उभे राहून सांगावे. छापील उत्तर पाठवून सुटका करून घेऊ नये. तिसरी गोष्ट, चौकशीच्या अहवालांना मुदत असावी. २०२१ साली संरक्षण मंत्रालयानेच युद्धविषयक कागदपत्रे सामान्यतः २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण ठरविले. ते १९६२ लाही लावावे.

शेवटी आपल्याविषयी. दिल्ली लांब आहे, आपण काय करणार, असे आपल्याला वाटते. पण खडकी, अंबरनाथ, भुसावळ, भंडारा, चंद्रपूर येथे दारूगोळा आणि सामग्री तयार करणारे कारखाने आहेत, तेथे आपलीच माणसे काम करतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, कारण तेथे घराघरांतून माणूस फौजेत गेलेला आहे. त्या घरांचे आपण काही देणे लागतो. पंधरा ऑगस्टला त्यांच्या शौर्याला वंदन करणे हे त्यातले सोपे देणे. खासदार मते मागावयास आला की रस्ता, पाणी, रेल्वे यांबरोबर त्याला हेही विचारावे: संरक्षणाच्या मागणीवर तुम्ही कधी बोललात? समितीचा अहवाल वाचलात? ज्या दिवशी तो खर्च चर्चेवाचून मंजूर झाला, त्या दिवशी तुम्ही काय करीत होता? हे प्रश्न मतदारसंघात विचारले जात नाहीत, म्हणून ते लोकसभेतही विचारले जात नाहीत.

सीमेवर शिपाई रात्रभर जागा असतो. त्याच्या पाठीशी संसदेनेही पहारा दिला पाहिजे, आणि संसदेवर पहारा आपण दिला पाहिजे.